खिळ्यावरचा बिल्ला

"चाल. नुसती खांबासारखी उभी राहू नकोस. पेंग्विनसारखी चाल."

"पेंग्विन असतील तुमच्या घराण्यात," मुकादमीण म्हणाली आणि भिंत धरायला गेली.

"भिंत धरायची नाही! तिथे रस्त्यात भिंत कोण आणून ठेवणार आहे तुझ्यासाठी?"

भर दुपार होती. पंखा गरम हवा इकडची तिकडे करत होता. बाहेरच्या खोलीत फरशीवर मुकादमाने साबणाच्या पाण्याची अख्खी बादली ओतली होती. त्या फरशीच्या मधोमध त्याची बायको गुडघ्यापर्यंतचे बूट आणि जुन्या बाजारातून आणलेला ओव्हरकोट घालून उभी होती. कोट मुळात कुणा धिप्पाड पुरुषाचा, त्यामुळे आत मुकादमीण आहे की नुसताच कोट उभा आहे, हे तिने तोंड उघडल्याशिवाय कळत नव्हतं. तोंड मात्र ती सारखंच उघडत होती.

"घामानं मेले तर थंडीचा प्रश्नच मिटला. तेवढंच तिकीट वाचेल तुमचं."

हा सगळा तमाशा कपाटाला टेकवून ठेवलेल्या फोनमधून मुलगा बघत होता. मुलगा कॅनडात, एका छोट्या शहरात. शहर एवढं छोटं, की हिवाळ्यात कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस खिडकी लावून घेतो. त्याच्या बायकोचे दिवस भरायचे होते ते नेमके ऐन हिवाळ्यात, म्हणून आईने यावं असा त्याचा धोशा होता.

"बाबा, काय चाललंय हे? आई पडेल ना!"

"पडली तर उठेल. तिथे पडल्यावर कोण उचलणार आहे? तू?"

"मी असेन ना इथे."

"असशील रे. तू कुठे ना कुठे असतोसच. फक्त कुठे ते कुणाला सांगत नाहीस."

फोनमधला चेहरा एकदम दगडी झाला. "आई, तू ये," तो म्हणाला. "तू एकटीच ये. बाबांना नको. त्यांना इथली थंडी झेपायची नाही." आणि फोन बंद झाला.

मुकादम त्या काळ्या काचेकडे बघत राहिला. दुसऱ्या कुणी शेणात लोळवलं असतं तरी त्याला एवढं लागलं नसतं. थंडी? त्याला? अख्खी हयात त्याने शीतगृहात काढली होती. बंदराजवळ ती एक बिनखिडकीची इमारत होती. आत मासळीचे नि लोण्याचे खोके छतापर्यंत रचलेले, आणि पारा कायम शून्याच्या खाली. लोक म्हणत, हा पारासुद्धा मुकादमाला विचारून हलतो. मुकादमीण म्हणे, लग्नानंतर पहिली काही वर्षं घरात फ्रीज घेतलाच नाही. दूध ह्यांच्या उशाशी ठेवलं की सकाळपर्यंत टिकायचं.

"स्वतःच्या बापाला थंडी शिकवतो!" तो ओरडला.

"त्याच्या बापानंच त्याला शिकवली," ती म्हणाली, आणि बूट काढायला खाली बसली. मुकादमाने बादलीला लाथ मारली.

ती काय म्हणाली ते समजायचं तर शीतगृहाचा नियम ठाऊक पाहिजे. दाराबाहेर भिंतीत एक लांबलचक खिळा होता. प्रत्येक कामगाराजवळ नंबराचा पितळी बिल्ला. आत जाणाऱ्याने आपला बिल्ला आपल्या हाताने त्या खिळ्याला लावायचा आणि बाहेर आल्यावर आपल्याच हाताने काढायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कुणी बोट लावायचं नाही, मग तो मालक का असेना. आणि खिळ्यावर एक जरी बिल्ला असला, तरी दाराला कडी घालायची नाही. नियम मुकादमाने स्वतः केलेला. तो घरातसुद्धा एवढा लाडाने कुणाशी बोलला नव्हता, जेवढा ह्या नियमाबद्दल बोले.

मुलगा कॉलेज सोडून त्याच्या हाताखाली लागला, तेव्हा मात्र ह्या नियमाला तडा गेला. "आत जाताना बापाला हजेरी द्यायची?" असं म्हणून पोरगा बिल्ला खिशातच ठेवी. एक दिवस दुपारी दोघांचं कशावरून तरी वाजलं. पोरगा तणतणत आत गेला. कामगार जेवायला पांगले. मुकादमाने खिळ्याकडे पाहिलं, खिळा मोकळा. त्याने कडी घातली, घरी आला, पोटभर जेवला, बायकोला म्हणाला, "तुझे चिरंजीव रुसून कुठे उलथलेत कोण जाणे." आणि चांगली डुलकी काढली.

संध्याकाळी मालाची गाडी आली म्हणून दार उघडलं, तेव्हा पोरगा उंबऱ्याशीच पडलेला होता. जगला. उजव्या कानाची पाळी तेवढी काळी पडून गळून गेली.

"तू बिल्ला लावला नव्हतास," दवाखान्यात बाप म्हणाला होता.

"आपला मुलगा कुठे आहे हे कळायला बापाला बिल्ला लागतो?" मुलगा म्हणाला होता.

ह्या दोन वाक्यांच्या पुढे त्या घरात भांडण कधी गेलंच नाही. मुलगा बरा झाला, शिकला, सातासमुद्रापार गेला, लग्न करून मोकळा झाला. वाक्यं जागच्या जागी. फोनवर बोलताना तो मुद्दाम तो कान पुढे करून बसतो, असं मुकादमाचं ठाम मत होतं.

त्या फोननंतर तर मुकादमाला भूतच चढलं. जायचंच. तेही हिवाळ्यातच. विमानतळावरून बाहेर पडायचं ते बनियनवर, असं तो सगळ्या आळीला सांगत सुटला. दोन्ही तिकिटं काढायला लावली. मुलाने ऐकून, "या, घर तुमचं नाही, पण तुम्हाला थांबवताही येत नाही," एवढंच म्हटलं. त्यावर मुकादम, "तुझ्या घरात राहणार कोण? मी बाहेर बर्फात खुर्ची टाकून बसेन."

"बसा," मुलगा म्हणाला. "बिल्ला लावून बसा."

असं प्रेमळ नियोजन रोज चालायचं. मधल्यामध्ये मुकादमीण दोघांनाही शिव्या घालत लोकरीचे मोजे विणत होती. बाळाचे मोजे, मुलाचे, सुनेचे. नवऱ्याचे विणायला घेतलेले तिने दोनदा रागाने उसवले.

जायच्या आधी अंगाला पुन्हा सवय करावी म्हणून एके दिवशी, "दाढी करून येतो," असं सांगून मुकादम शीतगृहावर गेला. आता तिथे नवा मुकादम होता. हाताखालचाच माणूस, ह्यानेच तयार केलेला, ह्याच्याच शिव्या खाऊन मोठा झालेला.

"काका, आत नाही सोडता यायचं."

"मला?"

"तुम्ही आता बाहेरचे. नियम आहे."

"मला नियम सांगतोस? अरे, ह्या दाराला रबर लागलं नव्हतं तेव्हापासून—"

"म्हणून तर सांगतो. तुम्हीच शिकवलंय." आणि वर तो हसला. ते हसणं मुकादमाच्या पार डोक्यात गेलं.

तो गेटपर्यंत गेला, आणि जेवणाची सुट्टी होऊन सगळे पांगताना भिंतीच्या कडेने परत आला. दार ओढलं. खिशात हात गेला. निवृत्त होताना न दिलेला, अंगठ्याने घासून घासून नंबर पुसट झालेला बिल्ला तिथेच होता. पण खिळ्याला लावला असता तर चोरी उघडी पडली असती. त्याने बिल्ला खिशात ठेवला आणि आत शिरला.

आतली हवा छातीत गेली तसं त्याला बरं वाटलं. माहेरवाशिणीसारखा तो खोक्यांमधून फिरला. एका रांगेला "वाकडी लावलीय गाढवांनी" म्हणून शिवीही दिली. आणि तेवढ्यात मागे दार बसल्याचा तो ओळखीचा जाड आवाज आला, आणि त्यावर कडी.

नव्या मुकादमाने काहीच चुकीचं केलं नव्हतं. जेवायला जाण्याआधी त्याने एकदा वळून खिळ्याकडे पाहिलं होतं. खिळा मोकळा होता.

आता आत घंटा होती. मुलाच्या प्रकरणानंतर मालकाने बसवलेली. "ज्याला बिल्ला लावायची अक्कल नाही त्याच्यासाठी घंटा कशाला?" म्हणून मुकादमाने तेव्हा आकांडतांडव केलं होतं. दोरी दाराशेजारी लोंबत होती. ओढली असती तर माणसं धावली असती, आणि उद्या अख्खं बंदर पोट धरधरून हसलं असतं. मुकादम लोण्याच्या खोक्यावर दोरीकडे पाठ करून बसला. येतील म्हणाला. जेवून येतील.

अंगात साधा सदरा होता. आधी बोटं गेली, मग पाय आपले नाहीतसे झाले. तो दाराकडे बघत बसला. घरी गॅसवर जेवण गरम होत असेल. बायको कुणाला तरी म्हणत असेल, कुठे उलथलेत कोण जाणे.

त्या दुपारी आपण काय जेवलो होतो ते त्याला आठवेना. डुलकी मात्र आठवली. आपण कूस बदलली तेव्हा पोरगा ह्याच दाराकडे, असाच, बघत असणार. कुणीतरी येईल म्हणून. कुणीतरी म्हणजे कोण?

तो उठून दोरीकडे वळला तेव्हा हाताच्या मुठी वळेनात. दातात दोरी धरायला तो वाकला आणि तसाच खाली बसला.

पुढचं त्याला मागाहून कळलं, तेही नव्या मुकादमाकडून. मुकादमीण चपला फटफटवत गेटातून आत आली होती आणि म्हणाली होती, "दार उघड."

"काकू, आत कुणी नाही. खिळ्यावर बिल्ला नाही बघा. काकांनी मघाशी आत जायचा हट्ट धरला होता, मी घालवून दिलं."

"उघड."

"बिल्ल्याशिवाय कुणी आत—"

"तुझ्या बिल्ल्याला आग लाव मेल्या! माझा माणूस आत आहे. उघड!"

दार उघडलं. वाफेच्या लोटातून मुकादमाला फक्त पदर दिसला, आणि आवाज ऐकू आला.

"चला. जेवण थंड होतंय."

डाव्या पायाची दोन बोटं गेली. छातीत पाणी झालं. दवाखान्यात त्याने एकदाच विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार?" ती म्हणाली. "दाढी तुम्ही कालच केली होती. आणि नसती केली, तरी कळलं असतं मला. तोंड बंद करा, डॉक्टर येतायत."

डॉक्टरांनी विमान, थंडी आणि तावातावाने बोलणं, तिन्ही बंद केलं. मग नवरा-बायको दोन दिवस हलक्या आवाजात भांडले. ती म्हणे, तुम्हाला असं टाकून मी जाणार नाही. तो म्हणे, गेली नाहीस तर जन्मभर मला ऐकवशील, त्यापेक्षा न्युमोनिया परवडला. आणि बहीण येतेय माझी, ती तुझ्यापेक्षा बरा स्वयंपाक करते. हे शेवटचं लागू पडलं. ती जायला तयार झाली.

मुलाचा फोन आला तेव्हा मुकादमाच्या नाकावर मास्क होता. मुलाने चेहरा काचेजवळ आणला. मग म्हणाला, "बाबा, बाहेर बिल्ला होता?"

मुकादमाने मास्क बाजूला केला. "नव्हता."

"मग आईला कसं कळलं?"

मुकादमाने मास्क पुन्हा नाकावर ओढला आणि डोळे मिटले. मुलाचा कान आज केसांखाली झाकलेला होता.

निघायच्या दिवशी मुकादमीण तो अवाढव्य कोट हातावर टाकून दारात उभी होती. मुकादम लंगडत आला आणि त्याने कोटाच्या खिशात काहीतरी टाकलं. तिने काढून पाहिलं. बिल्ला.

"ह्याचं काय करू मी?"

"त्याच्या दाराजवळ एखादा खिळा असेलच. लाव."

"आणि सांगू काय त्याला?"

"काही सांगू नकोस. शहाणा आहे तो." मग घाईघाईने, "आणि ते बूट आवळून बांध. पडलीस तर मला नावं ठेवतील."

मुलगी झाली. फोनमध्ये कापडाची एक गुंडाळी दिसली आणि तिच्यातून एक नाक. मुकादम म्हणाला, "नाक आमच्याकडचं आहे." मुलगा म्हणाला, "आमच्या नशिबानं आवाज अजून तुमच्याकडचा नाही."

आठवडाभराने मुलाने एकट्यानेच फोन लावला. मागे दार दिसत होतं, दाराच्या काचेबाहेर पांढरं वादळ, आणि चौकटीशेजारी चाव्यांच्या खिळ्यावर पितळी काहीतरी.

"बाबा, हे काय पाठवून दिलंय आईच्या हातून?" तो चांगलाच भडकला होता. "बाहेर बर्फाचं वादळ आहे. आणि दाराला कडी घालायला गेलं की आई अंगावर धावून येते. बिल्ला आहे म्हणते, कडी घालायची नाही. वाऱ्यानं दार सारखं उघडतं. घरात बाळ आहे!"

"मग काढून टाक."

मुलाने मागे वळून खिळ्याकडे पाहिलं.

"मी नाही हात लावणार," तो म्हणाला. "ज्याचा त्यानं काढायचा असतो."

वादळाचा आवाज तेवढा फोनमधून येत राहिला.

"मग?" मुकादम म्हणाला.

"मग काय मग? येऊन काढा."

"कधी?"

"उन्हाळ्यात या."

"उन्हाळ्यात कुणीही शेंबडा येतो. मी येणार तो हिवाळ्यात."

"झेपायचं नाही."

"बघू."

"बघा," मुलगा म्हणाला आणि त्याने फोन आपटला.

बहीण आत झोपली होती. मुकादम उठला, न्हाणीघरातून साबणाच्या पाण्याची बादली ओढत ओढत आणली आणि बाहेरच्या खोलीत फरशीवर रिकामी केली. एका हाताने भिंत धरून त्याने आधी उजवा पाय पुढे टाकला, मग बोटं गेलेला डावा.

मग त्याने भिंत सोडली.