गोल्फच्या पिशवीतली रॅकेट

मित्रांनो, सुरुवातीलाच एक खुलासा करते. मी गोल्फची काठी नाही. मी टेनिसची रॅकेट आहे, आणि चांगली जुनी, पावसाळे पाहिलेली रॅकेट आहे. हा खुलासा करावा लागतो, कारण माझ्या आयुष्यातली अलीकडची वर्षं एका गोल्फच्या पिशवीत गेली. पिशवी गाडीच्या डिकीत आणि गाडी हिंजवडीतल्या एका ऑफिसबाहेर उन्हात. डावीकडे लोखंडी काठ्या, उजवीकडे डोक्यावर लोकरी टोप्या घातलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणी आणि माझ्या तोंडावर एक ओला मोजा. चेन एकदा ओढली की आत मिट्ट काळोख. ओरडायची सोय असती तर मी मुळशी तालुका डोक्यावर घेतला असता.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. काळ्या कार्बनचे पातळ थर साच्यात दाबून मला घडवलं, भोकं पाडली, रंग दिला. तिथून फिरत फिरत मी अमरावतीच्या एका दुकानात काचेमागे येऊन लटकले. तिथेच उत्कर्षानं मला पाहिलं. ती तेव्हा कॉलेजात होती. तिनं मला हातात घेतलं, हवेत एकदा फिरवलं आणि वडिलांकडे बघून नुसती हसली. त्या दिवसापासून मी तिची झाले.

ते दिवस काय सांगू तुम्हाला! उत्कर्षा विद्यापीठाच्या संघातून खेळायची. खेळ संपला की मला फडक्यानं पुसायची, मुठीवरचा घामट पट्टा बदलायची आणि हंगाम सुरू होण्याआधी माझी जाळी नव्यानं विणून घ्यायची. बक्षीस मिळालं की सगळे तिचं कौतुक करायचे आणि ती म्हणायची, ‘‘रॅकेट गुणी आहे माझी.’’ एवढं ऐकलं की माझं पोट भरायचं.

पुढे तिला पुण्यात नोकरी लागली, शैलेशशी लग्न झालं आणि दोघांनी नेरे गावाजवळच्या एका मोठ्या सोसायटीत घर घेतलं. उत्कर्षाचा खांदा कुरकुरायला लागला होता, म्हणून तिनं स्वतःसाठी हलकी रॅकेट आणली आणि मला शैलेशच्या हाती दिलं. ‘‘माझी आहे, जपून वापर,’’ ती म्हणाली. शैलेशही अमरावतीकडचाच, स्वभावानं गरीब माणूस. सुरुवातीला त्यानं मला जपलंही. मग त्याच्या आयुष्यात गोल्फ आला.

त्याचं असं झालं, की ऑफिसातले मोठे साहेब शनिवारी गोल्फ खेळायचे आणि महत्त्वाचं बोलणं म्हणे हिरवळीवर चालता चालताच व्हायचं. शैलेशनं पिशवी घेतली, टोपी घेतली, शिकवणी लावली. गोल्फ त्याला जमलाही. आणि जसजसा तो जमत गेला, तसतसं त्याचं टेनिस बिघडत गेलं. मला गोल्फचा राग नाही. पण दोन खेळांची खिचडी एकाच हातात शिजायला लागली की चटके रॅकेटला बसतात.

गोल्फमध्ये चेंडू गवतावर शहाण्या मुलासारखा बसून असतो. तुम्ही त्याच्याजवळ जायचं, विचार करायचा, श्वास घ्यायचा, मग मारायचा. शैलेश टेनिस कोर्टवरही तसाच खांबासारखा उभा राहायला लागला. चेंडू येऊन पार होईपर्यंत त्याचा विचार चाललेला असायचा. मारलाच, तर जमिनीवरून उचलल्यासारखा खालून वर, म्हणजे चेंडू कुंपणापलीकडे. मारून झाल्यावरही मान खाली घालून चेंडू होता त्या जागेकडे बघत बसायचा, कारण गोल्फच्या गुरूंनी तसं बजावलं होतं. तेवढ्यात समोरचा चेंडू परतवायचाही. आणि माझी मूठ तर तो अशी आवळायचा की पुढे पिशवीत गेल्यावर मला दोन्ही तुरुंगांतला फरक कळेना. चेंडू उशिरा लागायचा, मनगटानं ओढायला लागायचा आणि कळ थेट कोपरात जायची.

सगळ्यात गंमत त्याच्या अदबीची होती. गोल्फमध्ये दुसरा फटका मारत असताना हालायचं नाही, बोलायचं नाही, अशी रीत असते. शैलेशनं ती रीत टेनिसमध्ये आणली. समोर आमचे शेजारी हैबतराव सर्व्हिस करायचे. हे मूळचे नेऱ्याचे. कोर्ट जिथे आहे तिथे पूर्वी त्यांचं भाताचं खाचर होतं, आणि आता त्याच जागेवर पांढरे बूट घालून ते टेनिस खेळतात. त्यांनी चेंडू उडवला की शैलेश आदरानं स्तब्ध. एकदा न राहवून त्यांनी हात खाली घेतला.

‘‘आवो शैलेशराव, कुनी गेलंय का? मौन पाळल्यागत काय उभं ऱ्हाताय? हला की जरा!’’

सगळं कोर्ट हसलं. शैलेशही हसला, पण मुठीवरची त्याची पकड आणखी आवळली. त्यानंतर तो कोर्टवर कमी येऊ लागला. मला गोल्फच्या पिशवीत खोचून त्यानं डिकी लावली आणि माझा तुरुंगवास सुरू झाला. उन्हात डिकी तव्यासारखी तापायची. माझ्या जाळीतला जीव हळूहळू जात होता, हे मला कळत होतं आणि सांगता येत नव्हतं.

पण मित्रांनो, कोंडली गेलेली मी एकटी नव्हते. उत्कर्षा घरूनच काम करायची. कानाला हेडफोन लावून दिवसभर त्याच खोलीत, त्याच खुर्चीत. सकाळचा कोर्टवरचा एक तास एवढीच तिची मोकळी हवा. आणि आमच्या सोसायटीचा नियम असा, की सकाळचं कोर्ट जोडीलाच मिळतं, एकट्याला नाही. बाकीच्यांच्या जोड्या ठरलेल्या. शैलेश आला नाही की उत्कर्षाचा तास गेला. मग ती बाल्कनीत उभी राहून दुसऱ्यांचा खेळ बघायची. ती कधी बोलली नाही. न बोलण्याची तिची सवय मला अमरावतीपासून ठाऊक आहे.

मग सोसायटीच्या जोडीच्या स्पर्धा जाहीर झाल्या. उत्कर्षानं नाव दिलं. शैलेश म्हणाला, ‘‘खेळू. पण ही शेवटची हं. कोपर फार दुखतं. यानंतर फक्त गोल्फ.’’

‘‘बरं,’’ उत्कर्षा म्हणाली.

तेवढंच. पण मला डिकीतून काढताना तिचा हात माझ्या मुठीवर जरा जास्त वेळ राहिला. माझ्या कडेची एक दोरी उसवल्यासारखी झाली होती, ती तिनं बोटानं चाचपून पाहिली. ‘‘शैलेश, जाळी बदलून आण. बावधनच्या दुकानात करून देतात.’’

‘‘शनिवारी जातो,’’ शैलेश म्हणाला. शनिवारी तो गोल्फला गेला.

सरावाला मात्र उत्कर्षानं त्याला सोडलं नाही. आणि तिची हुशारी बघा. तिनं गोल्फला एका शब्दानं नावं ठेवली नाहीत. ‘‘गोल्फमध्ये ताकद कुठून आणतोस?’’ तिनं विचारलं.

‘‘कमरेतून. वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर.’’

‘‘मग इथे नुसत्या हातानं का मारतोस? तीच कंबर आण. खांदा वळव, रॅकेट लवकर मागे ने आणि चेंडू शरीराच्या पुढे घे. शेजारून गेल्यावर नको.’’

मग ती त्याला नेटजवळ घेऊन गेली. तिथे तो प्रत्येक चेंडूवर माझा गरागरा फिरवून दांडपट्टा करायचा. ‘‘हिरवळीच्या काठावरून तो छोटा फटका मारतोस ना, चिप? त्याला पूर्ण झोका घेतोस?’’

‘‘छे, वेडी आहेस का?’’

‘‘मग नेटजवळ का घेतोस? नुसती पुढे धर. चेंडू स्वतःच ताकद घेऊन आलाय.’’

शैलेश थबकला. हे त्याला कुणी त्याच्या भाषेत सांगितलंच नव्हतं. एकेक गोष्ट सुटायला लागली. समोरच्यानं फटका मारला की जागच्या जागी छोटी उडी मारायची, म्हणजे पाय जागे राहतात. मूठ सैल ठेवायची, चेंडू लागताना तेवढी धरायची. सर्व्हिसआधी मात्र गोल्फसारखा शांत श्वास घ्यायचा, तिथे घाई नाही. एक गोष्ट मात्र काही केल्या सुटेना. दोघांच्या मधून चेंडू आला की तो अदबीनं बाजूला व्हायचा. गोल्फमध्ये ज्याचा चेंडू त्यानंच मारायचा असतो ना! ‘‘अरे, ‘माझा’ म्हणून ओरड की,’’ उत्कर्षा कळवळून सांगायची. त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही.

रविवारी सामना. समोर हैबतराव आणि त्यांची सून सायली. सायली चपळ, आणि हैबतरावांचे चेंडू टप्पा पडल्यावर भलतीकडेच वळायचे. आमचे दोघे सुरुवातीला मागे पडले. शैलेशची मूठ पुन्हा आवळली गेली. माझ्या कडेची दोरी फटक्यागणिक विरत होती. मला ओरडून सांगायचं होतं, शैलेश, हळू, मी आतून तुटत आले आहे. पण माझं ऐकणार कोण? पिशवीत होते तेव्हा काळोखात कोंडलेली होते, आता भर उजेडात.

मग उत्कर्षा त्याच्या कानाशी जाऊन एवढंच म्हणाली, ‘‘हरलो तरी चालेल. मूठ सोड.’’

त्यानं मूठ सोडली. खरंच सोडली! मला किती दिवसांनी श्वास आला. कंबर वळायला लागली, पाय उड्या मारायला लागले, चेंडू पुढे लागायला लागला. नेटजवळ त्यानं दोन चेंडू असे अलगद ठेवले की सायली नुसती बघत राहिली. ‘‘मामा, ह्यांचं कायतरी वायलंच चाललंय आज,’’ ती सासऱ्यांना म्हणाली. गुण बरोबरीत आले. शेवटचा एक गुण उरला. तो गुण जो घेईल, सामना त्याचा.

हैबतरावांनी जोरात चेंडू मारला. बरोबर मधून. शैलेश आणि उत्कर्षा, दोघांच्या मधून.

‘‘माझा!’’

शैलेश ओरडला. इतक्या जोरात, की बाकावरचे लोक उठून उभे राहिले. तो धावला, वळला आणि मी पुढे झेपावले. चेंडू माझ्या अगदी मध्यभागी लागला. असा फटका मला उत्कर्षाच्या कॉलेजच्या दिवसांनंतर लागला नव्हता. आणि त्याच क्षणी माझी दोरी तुटली. सगळी जाळी ढिली पडली. चेंडूतला जीव गेला, तो कसाबसा नेटपर्यंत पोचला आणि आमच्याच बाजूला पडला.

हैबतराव नेटपाशी आले. माझ्या पोटातलं भगदाड त्यांनी वाकून पाहिलं. ‘‘च्या मारी! जाळीच गेली की वो. जिंकलो आमी खरं, पर फटका लई झ्याक व्हता शैलेशराव. जाळी धड असती तर मला न्हाई घावला आस्ता.’’

सगळे पांगले. शैलेश मला मांडीवर घेऊन बाकावर बसला होता. उत्कर्षा आपल्या रॅकेटला कव्हर घालत होती, सावकाश, जितकं सावकाश घालता येईल तितकं. ‘‘चल,’’ ती म्हणाली. ‘‘कोपराला बर्फ लावू.’’

‘‘कोपर दुखत नाहीये,’’ शैलेश नवलानं म्हणाला. त्यानं हात दोनदा उघडमीट करून पाहिला. ‘‘उत्कर्षा, तो शेवटचा फटका नीट बसला होता ना गं?’’

‘‘बसला होता.’’

‘‘मग तुझी रॅकेट दे ना जरा.’’

‘‘अरे, मॅच संपली शैलेश.’’

‘‘माहितेय. पुन्हा एकदा मारून बघायचाय.’’

तिनं कव्हर काढलं. कोर्टाच्या कडेला सरावाची भिंत आहे, तिच्यावर दोघं एकाच रॅकेटनं आळीपाळीनं मारत राहिली. एकानं मारायचं आणि चेंडू परत येईपर्यंत रॅकेट दुसऱ्याच्या हातात द्यायची. देता देता दोघांची तारांबळ उडत होती. उत्कर्षा इतकी हसत होती की तिला मारताच येईना. मी बाकावर पडून बघत होते. सोमवारचं कोर्ट शैलेशनंच बुक केलं, तिला न विचारता.

आता शैलेशकडे नवी रॅकेट आहे. शनिवारी गोल्फ, बाकी सकाळी टेनिस, दोन्ही चालू आहे आणि दोन्ही बरं चाललं आहे. मी बाल्कनीतल्या खिळ्याला टांगलेली असते, फाटक्या पोटानं. मला बावधनला न्यायचं दोघांच्याही तोंडी अधूनमधून येतं, मग कामात राहून जातं. त्यांना मी दोष देत नाही.

तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याला उन्हात, ओल्यात, काळोखात विसरू नका. ज्याच्याकडून काम घेता, त्याची झीज वेळेवर बघा. आम्हाला बोलता येत नाही, तुम्हाला बघता येतं.

खाली कोर्टवर रोज सकाळी चेंडूचा आवाज येतो. टप, टप, टप. त्यात उत्कर्षाचा फटका कुठला हे मी न बघता ओळखते. तिला तिचा तास मिळाला, याचा मला फार आनंद आहे. अगदी मनापासून आनंद आहे. पण मित्रांनो, खरं सांगू का? मला अजून खेळायचं आहे.