टाचणीची भोकं

"सत्तेचाळिसावं पान दे," म्हातारा म्हणाला आणि उजवा हात टेबलावर पसरून बसला.

खगोल संस्थेतल्या मुलीनं पुस्तकाच्या छापील नमुन्याच्या गठ्ठ्यातून पान काढून त्याच्या हाताखाली सरकवलं. त्यानं तर्जनी कागदावर फिरवली, आधी उभी, मग आडवी. मग पान पालथं करून पुन्हा तेच. डोळे चार वर्षांपूर्वी गेले होते, पण बोटं जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाची होती. केसाएवढी स्प्रिंग त्या बोटांना कळायची.

"हे नव्हे ते पान."

"तेच आहे, आजोबा. वर तुमच्याच अक्षरात तारीख आहे."

"मग भोक कुठाय?"

शेजारी बसलेली त्याची लेक म्हणाली, "बाबा, हे छापलेलं आहे. छापलेल्याला भोक कसं असेल?"

"भोक नको. पण भोकाचं चित्र तरी? तू बघ ना, डोळे आहेत तुला. मधल्या चौकोनाच्या डाव्या हाताला ठिपका आहे?"

लेकीनं पाहिलं. "नाहीये."

पान देणाऱ्या त्या मुलीला संस्थेत सगळे खोडरबर म्हणत. नाव साहेबांनी ठेवलं होतं, कौतुकानं. घड्याळवाल्यानं तीस-पस्तीस वर्षं गच्चीवर बसून पेन्सिलीनं काढलेली आकाशाची तीनशे बारा चित्रं तिच्या संगणकावर आली होती. पिवळे डाग, चहाच्या कपाची वर्तुळं, घडीच्या रेषा, किड्यांनी पाडलेली भोकं. सगळं ब्रशनं पुसायचं. मग चित्राचे रंग उलटे करायचे, की पांढरा कागद काळं आभाळ होतो आणि पेन्सिलीचे ठिपके चांदण्या होतात. आठ महिने तिनं मान मोडून हे केलं होतं. एक डाग शिल्लक ठेवला नव्हता. आणि किड्यांची भोकं तर तिनं शोधशोधून बुजवली होती.

"कसलं भोक, आजोबा?" तिनं विचारलं.

"टाचणीचं. खात्रीचा तारा पेन्सिलीनं. शंकेचा टाचणीनं. पेन्सिल खोडता येते, पोरी. उद्या लोक हसतील या भीतीनं माणूस स्वतःच खोडतो. भोक खोडता येत नाही."

त्या सत्तेचाळिसाव्या कागदावर, जिथे तारा असायला नको होता तिथे, त्यानं एका रात्री टाचणी टोचली होती. दुसऱ्या दिवशी चित्र जोडून याच संस्थेला पत्र टाकलं. अकरा दिवसांनी मोठमोठ्या दुर्बिणीवाल्यांनी तोच नवा तारा जाहीर केला. संस्थेनं चित्र परत पाठवून कळवलं, आपल्या चित्रात तसा तारा आढळत नाही. चित्र उलटून बघायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. घड्याळवाल्याचं चित्र ते. कोण बघतो?

"माझा कागदच दे," म्हातारा म्हणाला.

तिनं खोक्यातून मूळ कागद काढून दिला. त्यानं बोट टेकवलं आणि लगेच उचललं. कागद टिकावेत म्हणून संस्थेनं सगळे लॅमिनेट केले होते. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत प्लास्टिक.

त्यानं कागद परत तिच्याकडे सरकवला. तो शिव्या देता तर बरं झालं असतं.

तिनं कागद खिडकीच्या काचेला लावला. मधल्या चौकोनाच्या डावीकडे उजेडाचा एक बारीक टोचा आरपार आला. तिनं अठ्ठेचाळिसावा लावला. तीन टोचे. एकोणपन्नासाव्यावर सात. किड्यांनी एवढ्या शिस्तीत कधी खाल्लंय?

ती उठून साहेबांच्या खोलीत गेली. ज्या माणसानं दुर्बिणीला डोळा फक्त उद्घाटनाच्या फोटोसाठी लावला, तो माणूस या संस्थेचा प्रमुख होता.

"साहेब, पुस्तक थांबवा. मी खुणा पुसल्यात. सगळ्या पानांवरच्या."

"कसल्या खुणा? किडे?"

"किडे नव्हते. मूळ स्कॅनही उरलेले नाहीत. जागा अडते म्हणून तुम्हीच पुसायला लावले होते. दोन महिने द्या, कागद पुन्हा स्कॅन करते."

"पाच वाजता फाइल छापखान्यात गेली पाहिजे. उद्या यंत्र आपल्यासाठी मोकळं ठेवलंय." ते खुर्चीत मागे रेलले. "म्हातारबुवांना काय हवंय? तो एक ठिपका ना? देऊन टाक. तुझ्या हातात ब्रश आहे. दोन मिनिटांचं काम."

खरंच दोन मिनिटांचं होतं. तिनं परत येऊन म्हाताऱ्याला तसं सांगितलं. लेकीचा चेहरा उजळला. "घाला ना, ताई. बाबांना तेवढंच हवंय."

"नको," म्हातारा म्हणाला.

"बाबा, हट्ट नका करू."

"अगं, हजारभर भोकं पाडली मी, त्यातलं एक खरं निघालं. बाकीची गायब आणि तेवढं एकच ठेवलं, तर लोक काय म्हणतील? नंतर घातलं म्हणतील. आणि खरंच नंतर घातलेलं असेल." मग तो लेकीकडून तिच्याकडे वळला, आवाजाच्या अंदाजानं. "तुझा हात चांगला आहे, पोरी. म्हणूनच नको."

चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. साहेबांनी दारातून विचारलं, "झालं का गं, खोडरबर?"

"शेवटचं पान राहिलंय."

तिनं शेवटचं कोरं पान उघडलं. टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. शेवटी तीन वाक्यं उरली. या चित्रांत निरीक्षकानं शंकेच्या जागा टाचणीनं टोचून दाखवल्या होत्या. त्या किड्यांची भोकं समजून मी पुसल्या. मूळ कागद उजेडासमोर धरून पाहावेत. खाली तिनं स्वतःचं पूर्ण नाव घातलं, जे त्या इमारतीत कोणी कधी वापरलं नव्हतं. पाचला दोन मिनिटं असताना फाइल पाठवली.

साहेबांनी ते पान छापून आल्यावर वाचलं. तिसऱ्या दिवशी तिचं टेबल दुसऱ्याला मिळालं. ती भांडली नाही. भांडायचं ते तिनं छापून घेतलं होतं.

आता दर रविवारी सकाळी ती घड्याळवाल्याच्या घरी जाते. आरडाओरड करून लेकीनं संस्थेकडून कागद परत आणलेत. घरी पोचल्यावर ती एकेक कागद खिडकीला लावते, पुस्तकातलं तेच पान त्यावर बसवते आणि जिथून उजेड येतो तिथे टाचणी टोचते. मग ते पान उलटून पुस्तक त्याच्यापुढे ठेवते. त्याचं बोट पानावर चालत जातं, कुठे तरी अडतं.

"हे माझं नाही," तो कधीकधी म्हणतो. "तुझा हात घसरला."

ती खिडकीशी जाऊन पुन्हा बघते. खरंच घसरलेला असतो. भोक मात्र तसंच राहतं.