दोराच्या शेवटी मावशी

नवरा गेला तेव्हा तिनं डोळ्यांतून टिपूस गाळलं नाही.

तो केस कापायला म्हणून गेला होता. खुर्चीतच, गळ्याभोवती पांढरं कापड असताना त्यानं मान टाकली. न्हाव्याला आधी वाटलं, डुलकी लागली. तिला बोलावणं आलं तशी ती गेली, त्याच्या कॉलरवरचे कापलेले केस झटकले, पुढचं सगळं पार पाडलं, आणि घरी येऊन वाळत घातलेले कपडे काढून घड्या घातल्या. त्याच्याही. शेजारणी म्हणाल्या, "रडून घे गं, मोकळी हो." तिनं खरंच प्रयत्न केला, पण आलं नाही. पहिले काही दिवस बायका म्हणाल्या, धक्का बसलाय. दोन महिन्यांनी म्हणू लागल्या, काळजाची घट्ट आहे बाई.

तिला स्वतःला विचाराल तर अंगावर जाड रजई टाकून कुणीतरी वरून बोलतंय, असं काहीसं वाटायचं. दुखत नव्हतं. काहीच होत नव्हतं.

लेक दोन तासांवरच्या शहरात औषधांच्या दुकानात कामाला. ती फोन करायची, आई विचारायची, "जेवलीस का?" आणि फोन संपायचा. दीर बसवर ड्रायव्हर. त्याच्या वाटेवर धंदेशिक्षणाचं एक कॉलेज होतं. शाळा संपलेल्या पोरांना वायरिंग, शिवण, सुतारकी शिकवायचं. फ्रिज-एसी दुरुस्तीच्या सहा महिन्यांच्या कोर्सला जागा रिकाम्या आहेत, अशी पाटी त्यानं वाचली आणि थेट फॉर्म घेऊन आला.

"वहिनी, सकाळी नऊला कुठंतरी जायला हवं माणसानं," तो म्हणाला. "इथं भिंतींकडे बघत किती दिवस बसणार?"

तिनं सही केली. नाही म्हणायलाही जीव लागतो, तो तिच्याकडे नव्हता.

वर्गात एकवीस पोरं-पोरी, सगळी अठरा-वीसची, आणि ही सत्तेचाळीसची. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी "मावशी, जरा सरका" म्हणालं, आणि त्या दिवसापासून शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांची ती मावशी झाली.

काम तिला जमलं. तांब्याची नळी कापायची, तोंड फुलवायचं, ज्योतीनं जोड वितळवून बसवायचा, मग साबणाचा फेस लावून बघायचं, गॅस कुठून निसटतो का. पोरांचे हात थरथरायचे, घाई व्हायची, जोडाला भोक पडायचं. मावशीला घाई कसलीच नव्हती. सर एकदा तिचा जोड उजेडात धरून म्हणाले, "अरे, बघा रे! असं काम मला वीस वर्षांत जमलेलं नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मावशीनं दुसरी नळी घेतली.

आता या कॉलेजची खेळातली कीर्ती सांगायची तर, दाराशी काचेचं एक मोठं कपाट होतं, कप ठेवायला केलेलं. सव्वीस वर्षांत त्यात खडूचे खोके आणि बंद पडलेलं घड्याळ याखेरीज काही आलं नव्हतं. खेळाच्या बाई नवीन होत्या, हौशी होत्या. त्यांनी मुलींचा रस्सीखेचीचा संघ उभा केला. पाच शिवणाच्या, दोन वायरिंगच्या, झाल्या सात. आठवी मिळेना. पोरींच्या हातापाया पडून झालं, शेवटी बाई वर्कशॉपमध्ये आल्या.

"मावशी, नियमात वयाची अट नाही. मी दोनदा वाचलंय. तुम्ही फक्त दोराच्या शेवटी उभं राहायचं."

"मला पळता येत नाही हो."

"पळायचं नाहीच! हलायचंच नाही."

"मग जमेल," मावशी म्हणाली.

शेवटच्या माणसाच्या काखेतून दोर निघतो, पाठीवरून तिरका जातो आणि दुसऱ्या खांद्यावरून पुढं उतरतो. टाचा मातीत रोवून मागं रेलायचं. बाईंनी सगळं दाखवलं. मावशीनं एकच प्रश्न विचारला, "सोडायचं कधी?"

"शिट्टी वाजली की."

दोन महिने रोज दुपारी सराव झाला. पोरी ओरडायच्या, एकमेकींना शिव्या घालायच्या, हसून लोळायच्या. मावशी यायची, दोर अंगावर घ्यायची, मागं रेलायची. खांद्याची सालं निघाली तेव्हा शिवणाच्या पोरींनी तिच्या शर्टाला आतून जाड कापडाची गादी शिवून दिली.

कॉलेजांच्या स्पर्धेत त्या पहिली फेरी जिंकल्या, तेव्हा सगळ्यांना तो अपघात वाटला. दुसरी जिंकल्या तेव्हा प्राचार्य स्वतः मैदानावर आले. अंतिम सामना मोठ्या कॉलेजशी होता. त्यांच्या पोरी एकसारख्या निळ्या कपड्यांत, एकेक अशी की बघूनच घाम फुटावा. पहिली खेच त्यांनी घेतली, दुसरी यांनी. तिसरी सुरू झाली आणि संपेचना. दोर ताणून लाकडासारखा झाला. पुढची पोरगी रडत होती, तिच्या मागची "आई गं, आई गं" करत होती. मावशी समोरच्या इमारतीवरच्या टाकीकडं बघत होती. टाकीला लोखंडी शिडी होती. चौदा पायऱ्या. तिनं त्या वरून मोजल्या, खालून मोजल्या. किती वेळ गेला तिला कळलं नाही. मग निळ्या पोरी एकदम कोसळल्या, शिट्टी वाजली, आणि सगळ्या जणी मावशीच्या अंगावर येऊन पडल्या.

"मावशी, जिंकलो! अहो, जिंकलो आपण!"

"हो का," ती म्हणाली. "दोर गुंडाळायचा ना आता?"

पंधरा दिवसांनी परीक्षेचा निकाल लागला. या कोर्सच्या अठरा कॉलेजांत मिळून मावशी पहिली. प्राचार्यांना आकाश ठेंगणं झालं. खडूचे खोके बाहेर निघाले, कप आत गेला, आणि फाटकावर दोन माणसांच्या उंचीचा फलक लागला. त्यावर मावशी, दोर अंगावर, दात आवळलेले. खाली लिहिलं होतं, 'अभ्यासात अव्वल, मैदानात अढळ'.

तो फोटो फिरत फिरत लेकीच्या फोनवर पोचला. बक्षीस समारंभाच्या सकाळी ती दारात उभी. पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "आई, बाबांना जाऊन नऊ महिने नाही झाले."

"आठ महिने नि अठरा दिवस," मावशी म्हणाली.

"आणि तू दोर ओढत फिरतेस! दुकानात सगळे मला दाखवतात, तुझी आई बघ, तुझी आई बघ. मी काय सांगू त्यांना? तू एकदा तरी रडलीस का गं?"

"नाही."

"का?"

"येत नाही. बसून बघितलं. तुझ्या बाबांचा शर्ट घेऊनही बघितलं."

लेक खुर्चीत बसली. "मी रोज रडते. दुकानात मागं जाऊन रडते. तुला फोन करावासा वाटतो, पण तू विचारतेस, जेवलीस का. मला वाटलं, तुला काही वाटलंच नाही बाबांचं."

"मलाही तेच वाटतं कधीकधी," मावशी म्हणाली. "भीती वाटायला हवी त्याची. तीही वाटत नाही."

लेकीनं पिशवी खाली ठेवली. "किती वाजता आहे तुझा कार्यक्रम?"

सभागृह गच्च भरलं होतं. प्राचार्यांनी भाषणात सव्वीस वर्षांचा इतिहास सांगितला, म्हणजे मावशीच्याच चार गोष्टी चारदा सांगितल्या. मग तिच्या हातात माईक दिला. "मावशी, आज कसं वाटतंय, मुलांना सांगा."

मावशीनं माईककडं पाहिलं. खोटं बोलायलाही जीव लागतोच. "काही वाटत नाही," ती म्हणाली.

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. केवढा हा विनय! पोरांनी शिट्ट्या मारल्या. प्राचार्य डोळे पुसू लागले. तिसऱ्या रांगेत लेक तेवढी हात मांडीवर ठेवून बसली होती.

परतताना दोघी बसथांब्यावर आल्या. लेकीची बस आली, ती चढली नाही. "पुढच्या बसनं जाते," म्हणाली आणि तिथंच बाकावर रडायला लागली, माणसं बघताहेत याची पर्वा न करता. मावशी "जेवलीस का" म्हणाली नाही. तिनं लेकीचं मनगट धरलं आणि बसून राहिली. आणखी दोन बस गेल्या.

"तुला नाही ना काही होत?" लेकीनं नाक पुसत विचारलं.

"नाही गं. पण तू रड. मी आहे."

त्यानंतर लेक दर रविवारी फोन करू लागली. कधी बोलते, कधी नुसती रडते. मावशी ऐकते. कॉलेजनं तिला वर्कशॉपमध्ये मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. दीर खूश झाला. उन्हानं फलकावरचा तिचा चेहरा पांढरा पडला, मग तो फलकही उतरवला. खेळाच्या बाई येऊन विचारून गेल्या, यंदाही उभ्या राहाल ना? ती हो म्हणाली.

रडू अजून आलेलं नाही. कदाचित भाजी घेताना येईल, कदाचित पोरांना जोड शिकवताना. म्हणून आताशा ज्योत पेटवायच्या आधी ती पोरांना एवढंच सांगून ठेवते, "मी मध्येच थांबले तर घाबरू नका रे. आधी गॅस बंद करा."