पायावर शिवलेला पट्टा

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. माझी हकिकत ऐकून तुम्हाला हसू येईल. मला मात्र अजून संताप येतो.

मी एक जुना गुडघ्याचा पट्टा आहे. जाड कापड, दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या आणि बांधायला वेल्क्रोची चिकटपट्टी. सैनिकी रुग्णालयातल्या कारागिराने मला एका जवानासाठी बनवले. पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढता-उतरता त्याच्या उजव्या गुडघ्याची पार वाट लागली होती. “हा आहे म्हणून मी उभा आहे,” असे तो सोबत्यांना सांगायचा, तेव्हा मी फुलून जायचो. पुढे तो निवृत्त झाला. मी घामाने विटलो, कडांनी उसवलो, पण त्याला सोडले नाही.

खात्याचा नियम असा, की अपंगत्व पन्नास टक्के ठरले तरच गुडघ्याची शस्त्रक्रिया खात्याकडून व्हायची. माझ्या धन्याला मिळाले वीस. त्याने अपील केले. पुन्हा वीस!

का? तपासणीच्या दारापाशी आला की हा गडी मला सोडून खिशात कोंबायचा. आत डॉक्टर, तेही हुद्द्याने मोठे. त्यांच्यापुढे पट्टा बांधून जायची त्याला लाज वाटे. खिशातून मी सगळे ऐकायचो.

“वाकवा गुडघा. दुखतं?”

“थोडंसं, साहेब!”

अरे देवा! डॉक्टर लिहून मोकळे, ‘आधाराशिवाय चालतो.’ आणि तो आधार दोन हातांवर खिशात कोंबलेला! मला तोंड असते तर!

निकालाचा कागद वाचून त्याच्या बायकोने कपाळाला हात लावला. “अहो, जिना चढताना ‘आई गं’ करून घर डोक्यावर घेता, आणि तिथे थोडंसं? साहेबांना काय स्वप्न पडणार आहे?”

“साहेबांपुढे कण्हायचं का आता?” तो पुटपुटला.

दुसरे अपील शेवटचे होते. तपासणीच्या सकाळी ती सुई आणि जाड दोरा घेऊन त्याच्या पायाशी बसली. “चिकटपट्टी सैल झालीय. पायावरच दोन टाके घालते. हलू नका.” दोन कसले, चांगले तीसेक घातले!

दारापाशी धन्याने मला ओढले, हिसकले, दातओठ खाल्ले. मी जागचा हललो नाही. तेवढ्यात त्याचा पुकारा झाला.

“हे शिवलं कुणी?” डॉक्टरांनी विचारले.

“घरातून, साहेब,” धनी खाली बघत म्हणाला.

डॉक्टरांनी कात्री मागवली. मी उभा चिरला गेलो. खाली सुजलेला गुडघा, आणि त्यावर माझ्या पट्ट्यांचे काळे पडलेले जुने वळ. डॉक्टरांनी नुसते बोट टेकवले आणि माझा धनी कळवळला.

“इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

त्या दिवशी कागदावर साठ टक्के लिहिले गेले.

मित्रांनो, मी पडलो वस्तू, मी मुका असणारच. पण बोलता येणाऱ्या माणसाने दुखणे का गिळावे? तुमच्या घरीही असे कुणी असेल. ते ‘बरं आहे’ म्हणाले, तरी लगेच उठून जाऊ नका. आणि देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या बाईची आठवण ठेवा. माझी चिकटपट्टी मुळीच सैल नव्हती. नवऱ्याशी कधी खोटे न बोललेली ती बाई, टाक्याटाक्याला देवाची क्षमा मागत शिवत होती.