सोय बाहेर हाय

साळूबाईच्या तोंडी लागू नका, असं परतुरात अजून म्हणतात. म्हणू द्या. मी काय हौसेनं भांडले न्हाई. एका शब्दापायी भांडले, आन् तो शब्द बी माझा नव्हता.

किल्लारीचा भूकंप झाला, त्याच्या पुढच्या साली आमची बेबीनंदा दहावी पास झाली. पोरगी सायन्स घ्यायचं म्हणून हटून बसली. आमच्या गावाहून परतूरला एकच यष्टी, ती बी आली तर आली. मंग असं ठरलं की मी पोरीसंगं परतुरात खोली करून राह्याचं, पोटापुरतं जिनिंगवर कापूस निवडायचा, आन् हे गावी वावर बघतील. खोली बघायला ह्यांनाच धाडलं. निघताना बजावलं, "बाकी कायबी नसलं तर चालंल. संडास पाहिजे. पोर मोठी झाली."

हे आले ते खुशीतच. "झकास खोली हाय. काकासाहेब आडत्याची. ते म्हणले, पाणी आत, सोय बाहेर." अकरा महिन्यांची भाडेचिठ्ठी बी करून आल्ते, डिपॉझिट बी देऊन आल्ते.

सामान लावलं आन् मालकीणबाईकडं गेले. उषाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या व्हत्या. आंगणाच्या कोपऱ्यात पक्का संडास, पत्र्याचं दार, दाराला कुलूप.

"वैनी, किल्ली कुठं ठेवता?"

"ती घरच्यांची हाय, साळूबाई."

"मंग आमची सोय?"

"बाहेर."

"बाहेर कुठं?"

त्यांनी हनुवटीनं रेल्वेच्या रुळाकडं दावलं आन् पुढची शेंग उचलली.

आता आमच्याकडं बाईमाणूस 'बाहेर जाऊन येते' असंच म्हणती. दुसरं काय म्हणणार? पण खोली भाड्यानं देताना 'सोय बाहेर' म्हणलं तर माणूस आंगणातच समजणार ना! मला आधी हसू आलं. वाटलं, थट्टा करून राह्यली बाई. मंग ध्यानात आलं की थट्टा न्हाई, आन् माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तशीच काकासाहेबांपुढं जाऊन उभी राह्यले. ते बैठकीत पान लावत व्हते.

"मी काय खोटं बोललो?" ते म्हणाले. "सोय बाहेर हाय, असं तुमच्या मालकाला, तातेरावला, सांगितलं. हाय का न्हाई बाहेर? एवढं मोकळं रान पडलंय." आन् हसले की हो! पानाचा विडा गालात धरून हसले.

आमच्या गावात तरी कुठं संडास व्हते, म्हणाल. नव्हते. पण गावात आमच्याच वावराचा बांध, दाट बाभळी, संगं चार बाया, आन् त्या वाटंनं गडीमाणूस पाऊल टाकायचा न्हाई. इथं उघडा रूळ. पहाटं अंधारात गेलं तरी रुळावर टोळकी बसलेली, खोकणार, शिट्ट्या मारणार. गाडी आली की उठून उभं राह्याचं, डबे निघून जाईपर्यंत खाली मान घालून. माझं काय, मी शिव्या देऊन मोकळी व्हायचे. बेबी न्हाई द्यायची शिव्या. ती नुसती माझ्यामागं दडायची.

बाजाराच्या दिवशी हे आले. मी त्यांना टेकू सुद्धा दिलं न्हाई.

"आंगणातला संडास दावला व्हता का त्यांनी?"

"दावला न्हाई. पण दिसत व्हता की."

"मंग किल्ली मिळंल का म्हणून इचारलं का न्हाई?"

हे टोपी काढून टोपीकडंच बघत बसले. "कसं इचारू? ओट्यावर त्यांच्या बाया बसल्या व्हत्या. बायांपुढं संडासाचं कसं बोलायचं?"

घ्या! बायांपुढं बोलायची लाज वाटली, म्हणून बायांना रुळावर धाडलं. डोकं आपटून घ्यावं वाटलं, माझं न्हाई, ह्यांचं.

पुढं पुढं बेबी पाणी पिईना. सकाळी जाऊन आली की रातीपर्यंत घोटभर पाणी घ्यायची, भाकर बी अर्धीच खायची. म्हणजे मधी जावं लागू नये. मला कळलं न्हाई हो. जिनिंगवरून यायचे तर अंगाचं पार चिपाड झालेलं. एक दिवस कॉलेजातल्या दोघी पोरी तिला धरून घरी घेऊन आल्या. वर्गात चक्कर येऊन पडली व्हती, अंगात ताप, लघवीला आग. डॉक्टर म्हणाले, "पाणी का पीत नाहीस गं?" ती माझ्याकडं बघायला लागली. मी भिंतीकडं बघायला लागले.

ह्यांना निरोप गेला. हे आले, पोरीच्या उशाशी बसले आन् म्हणाले, "जाऊ दे शाळा. घरी चला. एक स्थळ बी आलंय." मला लागलं ते स्थळाचं न्हाई. बेबी म्हणाली, "चल आई, जाऊ घरी." ते लागलं. डांबरासारखी चिवट पोर माझी, सायन्ससाठी दोन दिवस जेवली नव्हती, आन् तिला एका कुलपानं हरवलं. मी म्हणलं, न्हाई. मेले तरी न्हाई.

दुसऱ्या दिवशी मी अख्खं परतूर पालथं घातलं. स्टँडामागं चाँदबीचं घर व्हतं. एक खोली, आंगणात संडास, दाराला आतून कडी. चाँदबी म्हणाली, "इतवारपर्यंत थांबते, बाई. मंग दुसऱ्याला द्यावी लागंल. डिपॉझिट तेवढं जल्दी आण."

डिपॉझिट तर काकासाहेबांकडं अडकलेलं. गेले. हात जोडले, हो, मी, साळूबाईनं हात जोडले. "पोर आजारी पडली. आम्हाला सोडा."

"अकरा महिन्यांची चिठ्ठी हाय," ते म्हणाले. "मधी सोडलं तर डिपॉझिट इसरा. आन् सोय न्हाई असं बोंबलत फिरू नका. सोय हाय. बाहेर."

त्या रविवारी उषाबाईच माझ्या दारात आल्या. त्यांच्या पोरासाठी सेलूची सोयरीक जमत व्हती, आन् पोरीकडचे घर बघायला येणार व्हते. "पोळ्या लाटायला या ना, साळूबाई. घरचंच समजा." संडासाला घरचे न्हाई, पोळ्यांना घरचे! पदर खोचला आन् गेले. बेबीला बी दूध पाजून पडून राहा म्हणलं.

पुरणाचं जेवण झालं. गडीमाणसं बैठकीत बोलत बसली. नवरीची आई चांगली भरदार बाई, इरकल नेसलेली. ती चुलीपाशी माझ्याजवळ आली आन् हळूच म्हणाली, "अहो, जरा बाहेर जायचं व्हतं."

उषाबाई माडीवर गेल्या व्हत्या. मी हात धुतले. कोपऱ्यातलं टमरेल भरलं. म्हणलं, "चला की."

आंगण ओलांडलं, फाटक उघडलं. बाई माझ्यामागं, तिची जाऊ तिच्यामागं. संडासाचं दार उजव्या हाताला राह्यलं. रस्ता ओलांडला. रुळापाशी आल्यावर मी टमरेल खाली ठेवलं. भरदुपार, टोळकं रुळावर पत्ते खेळत बसलेलं.

"बसा," मी म्हणलं.

बाईचं तोंड बघण्यासारखं झालं. "इथं?"

"इथंच. ह्या घरात सोय बाहेर हाय. माझी पोर दोन महिने इथंच येती. अकरावीला हाय. पाणी प्यायचं सोडलं तिनं, ताप येऊन पडली." मी बोलत गेले आन् माझा आवाज चढत गेला, टोळक्यानं पत्ते सुद्धा खाली ठेवले. "लोकाच्या पोरीला कुलूप लावणारी माणसं हायत. तुमची पोर द्यायच्या आधी किल्ली कुणाच्या कमरंला राहणार, तेवढं इचारून घ्या."

मागून उषाबाई धावत आल्या, पदर सुटलेला. "अगं बाई, इकडं कुठं आणलं! आमचा हाय की पक्का, आंगणात!"

"मंग हिच्या पोरीला रुळावर का धाडता?" नवरीची आई म्हणाली. उषाबाई पदर सावरायला लागल्या. ती बाई रस्ता ओलांडून सरळ बैठकीत गेली, आन् सगळ्या गडीमाणसांपुढं तिनं तेच इचारलं, स्पष्ट, खणखणीत. काकासाहेबांचा विडा हातातच राह्यला. ते म्हणाले, गैरसमज झाला, किल्ली आजच देतो. मी दारातूनच म्हणलं, "किल्ली नको. आमचं डिपॉझिट द्या आन् चिठ्ठी फाडा." पाव्हण्यांपुढंच फाडली. सोयरीक जमली का मोडली, मला ठाऊक न्हाई, आन् इचारायला मी गेले न्हाई.

सामान चाँदबीकडं न्यायला निरोप धाडला, तसे सांजच्याला हे बैलगाडी घेऊन आले. सगळं ऐकून मांडीवर थाप मारली. "वा! नाक कापलं आडत्याचं!" जिन्याजवळ उभं राहून, उषाबाईंना ऐकू जाईल असं हसले. आन् ट्रंक उचलता उचलता म्हणाले, "पण माझी बी काय चूक? बायांपुढं कसं इचारणार, लाज वाटती माणसाला."

बेबी गाडीच्या चाकापाशी गोधडी पांघरून उभी व्हती. दोन महिन्यांत ती बापाशी ह्या गोष्टीवर एक चकार शब्द बोलली नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "तुम्हाला एकदाच लाजायचं व्हतं. तेवढं तुम्हाला झालं न्हाई. मंग मी रोज लाजले."

ह्यांच्या हातातली ट्रंक तशीच राह्यली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, की ही काहीतरी बोलंल, सांभाळून घेईल. मी न्हाई सांभाळलं. मी भांडी गाडीत टाकत राह्यले.