चाकाचे आरे

हेमांगी मुळातच भित्री, आणि सरकार तिला भिण्याचाच पगार देत होतं. दिल्लीतल्या एका केंद्रीय कार्यालयातून ती कारखाने तपासायला जायची. कुठे काय पेटेल, कोणाचं काय अडकेल, याची आधीच धास्ती घ्यायची आणि ती फाइलीत लिहायची. घरी मुलगी चिडवायची, "आई, तू ना बिल्कुल पॅनिक आहेस यार." हेमांगी मनावर घेत नसे. आपल्यासारख्यांमुळेच इतरांची बोटं शाबूत राहतात, असं तिचं ठाम मत होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्या जानेवारीतल्या सकाळी ती ऑफिसच्या गाडीने पानिपतला निघाली होती. शेजारी सुधन्वा, तिच्याच ऑफिसातले विजेचे इंजिनियर, तिच्याहून आठ वर्षांनी सीनियर. धुकं असं होतं की ड्रायव्हर पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यामागून गाडी रांगवत होता.

"बत्राजींच्या कारखान्यात काय निघालं आता?" सुधन्वांनी विचारलं.

"काही नाही, नुसती पाहणी. नवे चोक बसलेत."

बत्राजींकडे जुने स्वेटर पिंजून त्यांचं सूत करत. पत्र्याच्या शेडमध्ये मेटल हॅलाइडचे मोठे दिवे होते, आणि अशा दिव्याला चोक लागतो, म्हणजे त्याला बेताने वीज पोचवणारा डबा. बत्राजींनी महागातले इलेक्ट्रॉनिक चोक घेतले होते. पत्र्याखालच्या उन्हाळ्याने त्यातले निम्मे जाळले. कोणते घेऊ, असं त्यांनी हेमांगीला विचारलं. सुधन्वा तेव्हा रजेवर होते. तिने एकटीनेच माहिती काढली आणि लेखी सल्ला दिला: जुन्या पद्धतीचे, लोखंड-तांब्याचे मॅग्नेटिक चोक घ्या. वजनाला जड, गुणगुणतात, पण उष्णता सोसतात आणि व्होल्टेज वरखाली झालं तरी तग धरतात. गेल्या आठवड्यात ते बसले.

"खूश आहेत एकदम," हेमांगी हसत म्हणाली. "काल मेसेज आला, मॅडम, नई लाइट में मशीन भी जल्दी रुकती है."

सुधन्वा हसले नाहीत. "सगळे दिवे एकाच फेजवर आहेत?"

"हो, आधीपासून तसेच आहेत. का?"

"मॅग्नेटिक चोकवरचा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद होतो, हेमांगी. आपल्याला कळत नाही. पण फिरतं चाक त्या तालाला जुळलं, की थांबल्यासारखं दिसतं. दिवे विजेच्या तिन्ही फेजवर वाटून लावले, तर एक मंद होताना दुसरा उजळ असतो आणि हे बरंच झाकलं जातं. इलेक्ट्रॉनिकमध्ये प्रश्नच येत नाही."

हेमांगीने पर्समधून फोन काढला. पिंजण्याच्या यंत्राला दातेरी रूळ असतो. बटण बंद केल्यावरही तो दोन-तीन मिनिटं फिरत राहतो. कामगारांना तिनेच शिकवलं होतं, तीनतीनदा म्हणवून घेतलं होतं: रुळाबरोबर फिरणाऱ्या बाजूच्या चाकाचे आरे वेगवेगळे दिसले, तरच झाकण उघडायचं आणि अडकलेली लोकर काढायची. उन्हाळ्यात छताच्या काचांतून भरपूर उजेड यायचा. आज या धुक्यात दिव्यांखेरीज तिथे काहीच नसणार.

तिने फोन लावला. बत्राजींनी उचलला नाही. शेडमध्ये कोणीच उचलणार नव्हतं. मोबाइल बाहेर कपाटात ठेवायचे, हा नियमही तिचाच. "भैया, थोडा तेज," ती म्हणाली. ड्रायव्हरने समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बोट दाखवलं. पुढचा पाऊण तास तिने दर दोन मिनिटांनी फोन लावला, आणि प्रत्येक रिंगबरोबर तिला कोणाचातरी हात आत जाताना दिसत होता. तिला जन्मभर वाटलेली सगळी भीती एकत्र केली असती तरी एवढी झाली नसती.

गाडी पुरती थांबण्याआधीच ती उतरली आणि धावत शेडमध्ये शिरली. आत बाकीच्या यंत्रांचा कल्लोळ. टोकाच्या यंत्राचं बटण बंद करून श्याम उभा होता, तिने शिकवलेलाच, सगळ्यात आज्ञाधारक. तो चाकाकडे टक लावून होता. हेमांगीनेही चाक पाहिलं. सहा आरे, स्वच्छ, स्थिर. थांबलंय, असं वाटून तिचा जीव भांड्यात पडला आणि पुढच्याच क्षणी ती हादरली, कारण तिचे स्वतःचे डोळेही फसले असतील तर कळणार कसं?

श्यामने झाकण उचललं. ती ओरडली, पण त्या आवाजात तिचं तिलाच ऐकू गेलं नाही. तिने गळ्यातली शाल ओढली आणि त्या स्थिर चाकावर फेकली.

चाकाने शाल गिळली. फाटल्याचा आवाज श्यामपर्यंत पोचला असावा. तो मागे कोसळला, झाकण आदळलं, आणि त्याने आपला शाबूत उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला.

बाकीची यंत्रं बंद झाली तेव्हा तो चाकाच्या आऱ्यांकडे पाहत म्हणाला, "मैडम, तीलियाँ तो दिख रही थीं."

"मुझे भी दिख रही थीं," हेमांगी म्हणाली. "हफ्ते भर से ऐसे ही खोल रहे हो?"

"रोज चार-पाँच बार. आपने ही तो बताया था."

तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही. बत्राजी धावत आले. सुधन्वांनी त्यांना सांगितलं, काम बंद. चोक इलेक्ट्रॉनिकच घ्या, पण पत्र्याला न लावता खाली भिंतीवर बसवा.

"अब रुका है?" श्यामने विचारलं.

सगळे हेमांगीकडे पाहू लागले. सहा आरे दिसत होते, मघासारखेच स्वच्छ, त्यांत शालीच्या चिंध्या. तिने सगळे दिवे बंद करायला लावले. सुधन्वांनी बॅटरीचा न लुकलुकणारा झोत चाकावर धरला. आरे होते तिथेच होते. तरी कोणी पुढे येईना, आणि कोणी यावं असं म्हणायचं तोंड तिला नव्हतं.

ती स्वतः चाकाजवळ गेली. तिने हात पुढे केला. लोखंड गार होतं. तळवा तिने तिथेच ठेवला, श्यामला नीट दिसेल असा.