पालक फडातून ऑनलाइन आहेत

आमच्या गावाला पाणी टँकरने येतं, त्यामुळे शाळेच्या स्नेहसंमेलनात कोळीगीत असतंच. यंदा ते चौथीतल्या सायलीकडे होतं. तिने तालमीतच अट घातली होती, "आई बघणार आसंल तरच नाचीन."

तिची आई मंगल आणि बाप भारत ऊसतोडीला सांगलीकडे गेलेले. दिवाळीनंतर निम्मं गाव तिकडेच असतं. मागे उरतात ती म्हातारी माणसं, शाळा आणि 'आपली शाळा आपला अभिमान' हा व्हॉट्सअॅप ग्रुप. पालकांशी संपर्क राहावा म्हणून वरून आदेश आला, तेव्हा तो काढला. पालक त्यावर सकाळी गुलाबाची फुलं पाठवतात आणि शाळा त्यांना अंगठा दाखवते. संपर्क टिकून आहे.

मागच्या वर्षी बबिता मॅडमनी संमेलन व्हिडिओ कॉलवर दाखवलं होतं. पण प्रमुख पाहुणे विठ्ठलराव यांच्या भाषणातच उसाच्या फडातल्या मोबाइलची बॅटरी संपली. लेकीचा नाच बघायला बसलेल्या मंगलला वर्षभर आठवत राहिलं ते विठ्ठलरावांचं जाकीट.

यंदा म्हणून मॅडमनी नाच आधी ठेवला होता. पाहुणे कधीच वेळेवर येत नाहीत, हा त्यांचा भरवसा. त्या दिवशी विठ्ठलराव आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आले.

त्यांना थांबवायची हेडसरांची हिंमत नव्हती. विठ्ठलरावांनी शाळेला मोठा टीव्ही दिला होता, म्हणजे टीव्हीचं खोकं स्टेजवर होतं आणि फीत कापायची बाकी होती. मागे एका गावात ते रुसले, तर खोकं जीपमधून आलं तसं परत गेलं होतं.

मॅडमनी मोबाइल रिबिनीने बांबूला बांधला. पालकांचे आशीर्वाद अख्ख्या गावाला ऐकू यावेत म्हणून हेडसरांनी त्याची वायर लिंबाच्या झाडावर टांगलेल्या लाउडस्पीकरला जोडायला लावली. ही कल्पना त्यांची स्वतःची.

कॉल लागला. झाडावरून मंगलचा आवाज आला, "मॅडम, आमी ट्रॅक्टरवर चढलोय, हितंच रेंज हाय. बॅटरी लाल झालीय. गाडी बी भरायचीय. सायली कवा हाय?"

"साहेबांचे दोन शब्द झाले की लगेच," मॅडम म्हणाल्या.

"मागल्या साली बी दोनच म्हणले व्हते," झाडावरून भारत म्हणाला.

विठ्ठलराव उठले. "मित्रांनो, शिक्षण म्हणजे काय?" असं विचारून त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि थांबले. प्रश्न, मूठ, थांबा, अशी त्यांची पद्धत. उत्तर पुढच्या पानावर असतं.

"ह्यांला कावून उभं केलंय?" लाउडस्पीकर म्हणाला. "बसवा की खाली!"

हेडसर झुकून म्हणाले, "रेंजचा आवाज हाय, साहेब."

"रेंज लई उद्धट हाय," विठ्ठलराव म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

पडद्याआड सायली नऊवारी नेसून, बॅटीला सोनेरी कागद चिकटवून केलेलं वल्हं घेऊन उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. "मॅडम, आईची बॅटरी चाललीय."

मॅडमनी विठ्ठलरावांच्या पाठीकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "जा, नाच."

"गाणं न्हाई की."

"ताल हाय ना."

सायली विठ्ठलरावांच्या मागे स्टेजवर आली. मॅडमनी बांबू जरासा फिरवला.

"शिक्षण हा दिवा आहे!" मूठ. वल्हं पाण्यात गेलं.

"पण त्यात तेल कोण घालणार?" मूठ. सायलीने गिरकी घेतली.

"आम्ही घालणार!" मूठ, मूठ. कंबर डावीकडे, कंबर उजवीकडे.

मांडवात टाळ्या पडल्या. तेलाला टाळ्या मिळण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे विठ्ठलरावांना चेव आला. ते जोरात बोलू लागले, सायली जोरात नाचू लागली. पुढे बसलेल्या जानकीबाईंनी, म्हणजे सायलीच्या आजीने, डोळ्यांना पदर लावला. ते पाहून विठ्ठलरावांनी मूठ आणखी जोरात आपटली. स्टेजवर बसलेल्या हेडसरांना मागचं आणि पुढचं दोन्ही दिसत होतं. करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून तेही टाळ्या वाजवत राहिले.

लाउडस्पीकरमधून शिट्ट्या आल्या. भारत ओरडला, "आता कसं! या रे समदे, बगा!" त्याच्यामागून मंगल, हसता हसता रडत, "लई भारी! पुन्यांदा! आजून एकदा हून जाऊ द्या!"

आणि आवाज बंद झाला. बॅटरी गेली होती.

विठ्ठलरावांचं भाषणही तिथंच संपलं होतं. मागे सायलीने वल्हं खाली टेकवलं होतं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. इतकी वर्षं भाषणं करत होते, पण आजवर कुणी पुन्हा मागितलं नव्हतं.

"आपले ऊसतोड बांधव," ते जड आवाजात म्हणाले, "परमुलखातून आग्रह करतायत. त्यांचं मन मोडायचं कसं?"

ते घोटभर पाणी प्यायले आणि कागद उलटे फिरवून पहिल्या पानावर आले.

"मित्रांनो, शिक्षण म्हणजे काय?" मूठ.

सायलीने पुन्हा वल्हं उचललं.

"बस कर, पोरी," हेडसर दबक्या आवाजात म्हणाले, "तिकडची बॅटरी संपलीय."

"पण आईनं सांगितलंय, पुन्यांदा," सायली म्हणाली आणि तिने गिरकी घेतली.

हेडसरांनी टीव्हीच्या खोक्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा टाळ्यांना सुरुवात केली.